न्याय की सूड?

एखाद्या अघोर मनुष्यवधाची किंवा अबलेवरील अत्याचाराची वार्ता आली, की कुडाळच्या बाजारपेठेत काय आणि मुंबईच्या चाळीत काय, एकच उद्गार ऐकू येतो : ‘असल्या नराधमास भर चौकात फासावर लटकवा.’ हा उद्गार काढणारी माणसे दुष्ट असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्या घरी मुलीबाळी असतात आणि दुसऱ्याच्या मुलीची दशा ऐकून त्यांचे काळीज तुटते. अन्यायाची चीड ज्या समाजास येत नाही, तो समाज जिवंत असून मेल्यासारखाच होय. परंतु चीड येणे निराळे आणि त्या चिडीस न्यायासनावर नेऊन बसविणे निराळे. एका मनुष्याने केला असता ज्यास सर्वजण सूड म्हणतात, तेच कृत्य सरकारने पंचनामे व शिक्के लावून केले म्हणजे त्याचा न्याय होतो काय, हा आमचा प्रश्न आहे. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या १८६० सालच्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कायद्याचे नाव पालटले, कलमांचे आकडे पालटले, फास मात्र होता तेथेच राहिला. तेव्हा या प्रश्नाचा विचार आमच्या वाचकांनी शांत चित्ताने करावा, अशी आमची विनंती आहे.

सूड घेणारा मनुष्य स्वतःच फिर्यादी, स्वतःच साक्षीदार, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद असतो. त्यामुळे त्याची चूक त्यास दाखविणारा कोणी उरत नाही आणि कोठे थांबावे हेही त्यास उमगत नाही. याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने स्वतःच्या अंगणात पाहिले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. खुनी मराठी ब्राह्मण आहे एवढे कळण्याचा अवकाश, की पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमाव घराबाहेर पडले, आणि त्या कटाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरेदारे त्यांनी पेटवून दिली. अहिंसेचा उपदेश करीत ज्याने जन्म वेचला, त्याच्याच नावाने निरपराध्यांचे संसार जाळण्यात आले. सुडाची जात ही अशी आहे. त्यास अपराधी सापडला नाही तर अपराध्याचा जातभाईही चालतो.

पुढे त्या खुनाचा खटला रीतसर चालला, अपील झाले, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फाशी देण्यात आली. त्या कृत्याचे समर्थन आम्ही स्वप्नातही करणार नाही. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. ही फाशी देऊ नये, अशी विनंती मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या दोघा पुत्रांनी केली होती. सरकारने ती मानली नाही. ज्यांचा बाप गेला ते फास मागत नव्हते. फास हवा होता तो इतरांस. भागवतातही असाच प्रसंग आहे. अश्वत्थाम्याने द्रौपदीचे पाचही पुत्र निजलेल्या स्थितीत मारले. अर्जुनाने त्यास बांधून तिच्यापुढे उभे केले. तेव्हा, माझ्यासारखी याची आई रडू नये, यास सोडा, असे म्हणणारी ती पुत्रशोकाने होरपळलेली माताच होती. प्रत्येक आईने द्रौपदी व्हावे असे आम्ही सांगत नाही. शोकात बुडालेल्या मनुष्याजवळ क्षमा मागण्याचा अधिकार कोणासही नाही. आमचे म्हणणे इतकेच, की राज्यसंस्था काही शोकाकुल नसते. तिने तरी डोके ठिकाणावर ठेवून वागावे, म्हणूनच आपण आपली शस्त्रे तिच्या हाती दिली आहेत.

येथे कित्येक सुज्ञ वाचक आम्हांस रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरण करून देतील. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा खुद्द रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश महाराष्ट्राचे भूषण आहे, यात शंका नाही. पण रामशास्त्र्यांची थोरवी कशात आहे, ते नीट पाहावे. त्या काळी कडेलोट होता, हत्तीच्या पायी देणे होते, तोफेच्या तोंडी देणे होते. देहान्ताची शिक्षा सांगणारे अधिकारी पैशाला पासरी मिळत होते. सत्ताधीशाच्या तोंडावर ‘तू अपराधी आहेस’ असे सांगणारा मात्र एकच निघाला. तेव्हा रामशास्त्र्यांचे नाव घेऊन जे फास मागतात, त्यांनी आजवर तो फास कोणाच्या गळ्यात पडत आला आहे याचाही शोध घ्यावा. राघोबांच्या गळ्यात तो क्वचितच पडतो. ज्याच्यापाशी चांगला वकील नाही, ज्याच्या जातीवर गावाचा आधीच संशय आहे, ज्यास आपला जबाब वाचताही येत नाही, त्याच्याच मानेचे माप त्यास बरोबर बसते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २००३ च्या जून महिन्यात आपल्याच राज्यात एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली आणि स्त्रियांवर अत्याचार झाला. गुन्हा इतका भयंकर होता, की ऐकणाऱ्याचे रक्त उसळावे. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांस फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून सहाही जणांस पुन्हा फाशी ठोठावली. देशातील सर्वांत वरच्या न्यायासनाचा तो निकाल होता. त्याच्यापुढे दाद मागण्यास जागा नव्हती. पण हुकुमाची बजावणी होण्यापूर्वी प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरवून सोडून दिले. त्या रात्रीतून वाचलेल्या स्त्रीने प्रारंभीच पोलिसांनी दाखविलेल्या छायाचित्रांतून चार निराळ्याच इसमांकडे बोट दाखविले होते आणि ती गोष्ट दडपली गेली होती, असे तेव्हा उघडकीस आले. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देवविली. परंतु त्यांची सोळा वर्षे कोणत्या खजिन्यातून भरून द्यावयाची? आणि खरे मारेकरी? ते मोकळेच राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

हे एकच उदाहरण म्हणून कोणी ते झटकून टाकील, तर दुसरे पाहावे. पुण्यात १९९४ साली झालेल्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मुक्त केले. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षांचे होते, असे शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध झाले. अठ्ठावीस वर्षे तो तुरुंगात होता. ज्यास कायद्याने बालक म्हटले असते, त्यास फासावर चढविण्याचा हुकूम सर्व पायऱ्या चढून कायम झालेला होता!

आमच्या वाचकांत व्यापारी बंधू पुष्कळ आहेत. त्यांस ही गोष्ट फार समजावून सांगण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेला, हिशेबात मुरलेला मनुष्यसुद्धा बिलाच्या खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहितो. त्यात त्यास कमीपणा वाटत नाही. उलट तीच त्याच्या सचोटीची खूण असते. चार आण्यांच्या हिशेबात आपण मनुष्याच्या प्रमादास जागा ठेवतो. तुरुंगवासाच्या शिक्षेतही ती जागा शिल्लक असते, कारण चूक कळताच दार उघडता येते. फाशीच्या हुकुमाखाली तेवढे शब्द लिहिता येत नाहीत. आमच्या दशावतारात पहाटेस राक्षसाचा वध होतो आणि प्रेक्षक समाधानाने घरोघर जातात. पण तेथे राक्षस कोण हे सर्वांस रात्रभर ठाऊक असते, आणि मेलेला राक्षस पडद्यामागे जाऊन तोंडाचा रंग पुसतो. न्यायालयात आरोपीच्या तोंडास रंग लावलेला नसतो आणि फासावरून उतरविलेला मनुष्य पुन्हा उठून बसत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. फाशीची दहशत गेली म्हणजे खून वाढतील, असे म्हणणारांनी दूर विलायतेकडे पाहू नये, बांद्यापलीकडे पाहावे. कुडाळ पूर्वी सावंतवाडी संस्थानात मोडत असे आणि पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगालने १८६७ साली लष्करी गुन्हे वगळून फाशी रद्द केली आणि १८७० साली तो नियम समुद्रापारच्या मुलखासही लावला. म्हणजे पत्रादेवीच्या अलीकडे फास आणि पलीकडे फास नाही, अशी स्थिती एकाच मुलखात सुमारे नव्वद वर्षे होती. माणसे तीच, सोयरीक तीच, देवही तेच. फास नाही म्हणून आमच्या आजोबा-पणजोबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास जाणे सोडले नाही. ते राज्य न्यायी होते असा अर्थ यातून कोणी काढू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या त्या सरकारास न्यायी कोण म्हणेल? आमचा मुद्दा इतकाच, की परक्या आणि जुलमी राज्याचाही गाडा खुन्यास फास न देता चालला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पाठोपाठ आपले कायदे तेथे गेले, आणि त्यांच्याबरोबर फासही परत गेला. ज्या इंग्रजांनी आपणांस ही दंडसंहिता दिली, त्यांनी स्वतःच्या देशात १९६४ नंतर एकासही फाशी दिलेली नाही. त्यांनी टाकून दिलेला दोर आपण मात्र वडिलार्जित ठेवा म्हणून जपतो आहो.

‘असल्यांस सरकारने फुकट का पोसावे?’ असाही एक प्रश्न व्यवहारी लोक करतात. २००४ पासून २०२० पर्यंत या एवढ्या मोठ्या देशात आठ माणसे फासावर गेली. आठ कैद्यांच्या भाकरीने सरकारचा खजिना रिता झाला असता, असे कोणी हिशेबी मनुष्य म्हणणार नाही. या आक्षेपाचा विस्तार करण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न ज्यांचे माणूस गेले त्यांच्या समाधानाचा आहे, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. परंतु आजची पद्धत त्यांस काय देते? सत्र न्यायालयात फाशी होते, पेढे वाटले जातात, पुढारी भाषणे करून जातात. मग उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज, अशी वर्षे लोटतात. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात २००१ साली झालेली दोघी बहिणींची फाशी, दयेच्या अर्जावर अक्षम्य विलंब झाला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली व जन्मठेप दिली. मुले गमावलेल्या आईबापांस एकवीस वर्षे टांगणीवर ठेवणारी ही शिक्षा कोणाचे समाधान करते? त्यांस खरोखर हवे असते ते निराळेच : फिर्याद घेण्यास टाळाटाळ न करणारा पोलीस ठाणेदार, पुरावा न नासविणारा तपास, धमक्यांपासून साक्षीदाराचे रक्षण, वर्षा-दोन वर्षांत लागणारा निकाल, आणि घरचा कर्ता गेला असल्यास हेलपाटे न घालता हाती पडणारे साहाय्य. गुन्हेगार पुन्हा समाजात येऊन उपद्रव देईल ही भीती रास्त आहे. पण सवलत न देता वीस, तीस वर्षे किंवा आमरण कैदेत ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासून मान्य केलेली आहे. दहशत शिक्षेच्या क्रौर्यात नसते. आपण सापडणारच आणि लवकर सापडणार, या खात्रीत असते. ती खात्री उत्पन्न करण्यास पैसा, मेहनत व प्रामाणिकपणा लागतो. फासाची गर्जना करण्यास यांपैकी काहीच लागत नाही. पुढारी तीच पसंत करतात, याचे नवल वाटावयास नको.

ज्यांचे मूळ गाव आमच्याच कोकणात मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्ट सांगितले होते, की अहिंसा हे तत्त्व मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षाच समूळ नाहीशी करावी, हे उचित. दहशतवाद व राजद्रोही युद्ध यांचे गुन्हे वगळून तरी ती रद्द करावी, असे विधि आयोगानेही २०१५ साली आपल्या २६२व्या अहवालात सुचविले. तो अहवाल दिल्लीच्या दप्तरात धूळ खात पडला आहे. तो बाहेर काढविणे लोकप्रतिनिधींच्या हाती आहे, आणि लोकप्रतिनिधींस तसे विचारणे आमच्या वाचकांच्या हाती आहे.

तोवर एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकास करता येईल. जिल्ह्याचे न्यायालय आपल्याच तालुक्यात ओरोस येथे आहे. उद्या एखादा भयंकर खटला तेथे उभा राहिला, तर आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असले ठराव आपण करू नयेत. निकालापूर्वीच फासाच्या घोषणा देत न्यायालयाच्या दारी जमू नये. आणि ज्या घरावर संकट कोसळले असेल, त्या घराकडे वर्षभरानंतरही पाठ फिरवू नये. न्यायाधीशाच्या कानी बाजाराचा गलका जितका कमी पडेल, तितका सत्याचा क्षीण आवाज त्यास अधिक ऐकू येईल. अपराध्यास शिक्षा झालीच पाहिजे, कठोर झाली पाहिजे, आणि धनिक-गरीब न पाहता झाली पाहिजे. परंतु ज्या शिक्षेत चूक उमगल्यावर मागे फिरण्याची वाटच नाही, ती देण्याचा अधिकार, चुकणाऱ्या माणसांनी चालविलेल्या कोणत्याही सरकारास असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.