विमानतळ दोन, मुक्काम कुठे?

मुंबई, प्रतिनिधी

मुंबईला विमानाने येणाऱ्या पाहुण्याला आजवर यजमान एकच प्रश्न विचारीत असत - सांताक्रूझ की सहार? उत्तर काहीही आले तरी फरक फार तर टॅक्सीच्या भाड्याचा असे. धावपट्टी तीच, शहर तेच आणि रस्त्यावरची कोंडीही तीच. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि हा प्रश्न बदलला. आता तिकिटावर ‘मुंबई’ असे छापलेले असले, तरी विमान खाडीच्या अलीकडे उतरणार की पलीकडे, हे पाहावे लागते. जुन्या विमानतळाचे सांकेतिक नाव बीओएम, नव्याचे एनएमआय. या तीन अक्षरांकडे ज्याचे लक्ष गेले नाही, त्याच्या हॉटेलचे आरक्षण चुकलेच म्हणून समजावे. दोन्ही विमानतळांतील अंतर रस्त्याने साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटर आहे. रात्री उशिरा हा प्रवास तासाभरात होतो, सायंकाळी त्याला दुप्पट वेळ लागला तरी नवल नाही.

अशा वेळी बहुतेक प्रवासी सवयीने विमानतळाजवळचे हॉटेल शोधतात. परंतु येण्याचे विमान उलव्याला आणि परतीचे सहारहून असेल, तर ‘जवळचे’ म्हणजे नेमके कोणत्या विमानतळाजवळचे? स्वस्त तिकिटाच्या शोधात असे जोडतिकीट सहज पदरात पडते. कारण अनेक संकेतस्थळांवर ‘मुंबई’ हा शब्द टाकला की दोन्ही विमानतळांवरील विमाने एकाच यादीत दिसतात. या गोंधळातून सुटण्याची एक साधी रीत आहे. येण्याच्या विमानाचा विचार सोडून द्यावा आणि परतीच्या विमानाचा धरावा. उतरल्यावर उशीर झाला तर जेवण हुकते किंवा झोप. निघताना उशीर झाला तर तिकीटच जाते. परतीचे विमान पहाटेचे असेल, तर निदान शेवटची रात्र त्या विमानतळाच्या बाजूला काढणे शहाणपणाचे. ते दुपारचे किंवा रात्रीचे असेल, तर विमानतळ विसरून ज्या कामासाठी आलो त्या कामाजवळ राहावे.

कामाजवळ राहण्याचा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. पण मुंबईचा आकार लक्षात घेतल्याशिवाय तो उमगत नाही. हे शहर दक्षिणोत्तर पसरलेली एक चिंचोळी पट्टी आहे आणि जुना विमानतळ त्या पट्टीच्या मध्यावर, वस्तीच्या गराड्यात आहे. त्यामुळे अंधेरी, मरोळ, विलेपार्ले या भागांत मुक्काम केला, की उपनगरे आणि वांद्रे-कुर्ला संकुल हाताशी येते. अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीसाठी येणाऱ्यांना तर हा भाग सोयीचा आहेच, कारण वकिलात संकुलातच आहे आणि मेट्रो ३ चे स्थानकही तेथे आहे. नव्या विमानतळाच्या दृष्टीने मात्र हाच पट्टा सर्वांत गैरसोयीचा. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, मग शीव-पनवेल महामार्ग, मग वाशीचा पूल, ही सारी वाट गर्दीची. सहारच्या दारात हॉटेल घेऊन उलव्याचे सकाळचे विमान गाठण्याचा बेत कोणी करू नये.

याउलट अनेकांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट दक्षिण मुंबईची आहे. कुलाबा, फोर्ट, चर्चगेट हा भाग विमानतळापासून ‘लांब’ म्हणून बाहेरगावचे प्रवासी आजवर टाळत आले. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. या दोन गोष्टींनी हिशेब पार बदलून टाकला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पूर्व मुक्त मार्गाने शिवडी गाठावी आणि तेथून २१.८ किलोमीटरच्या सेतूवरून उलव्याच्या बाजूला उतरावे. वाटेत वाशीचे दर्शनसुद्धा नाही. जुन्या विमानतळाकडे जायचे तर भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांच्या स्थानकांपर्यंत नेते. दोन्ही विमानतळांशी बऱ्यापैकी सरळ नाते असलेला शहराचा भाग आज कोणता असेल, तर तो हाच म्हणावा लागेल.

अर्थात या सोयीला अटी आहेत. अटल सेतूवर मोटारीसाठी एका फेरीचा पथकर सुरुवातीलाच २५० रुपये ठरला. शिवाय दुचाकी आणि रिक्षा यांना तेथे मज्जाव आहे. वाशीमार्गे गेल्यास हलक्या वाहनांना मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून पथकर माफ आहे. म्हणजे पैसा वाचवायचा तर वेळ द्या, वेळ वाचवायचा तर पैसा द्या! टॅक्सीत बसण्यापूर्वीच चालकाशी ‘सेतूवरून की वाशीवरून’ हे ठरवून घेतलेले बरे. नंतर होणारी हुज्जत दोघांनाही परवडत नाही. मेट्रोचेही तसेच. तिच्या फेऱ्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात आणि रात्री साडेदहाच्या सुमारास आटोपतात. आखाती देश आणि युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने मुंबईतून मध्यरात्री ते पहाटे या वेळात उडतात. त्यांच्या प्रवाशांना पहाटे तीन वाजता मेट्रोचा उपयोग शून्य.

दादर हे मराठी माणसाचे मुक्कामाचे जुने ठिकाण. तेथील लॉज, खाणावळी, रेल्वेच्या दोन्ही मार्गांची सोय आणि आता मेट्रो ३ चे स्थानक यांमुळे त्याचे महत्त्व कायम आहे. शिवडीही फार दूर नाही. पर्यटकांच्या यादीत सहसा न दिसणारे चेंबूर मात्र या हिशेबात पुढे येते. जोडरस्त्याने जुना विमानतळ, शीव-पनवेल महामार्गाने नवा, हार्बर मार्गाची लोकल, असे तिन्ही धागे येथे जुळतात. दोन दिवसांत दोन्ही विमानतळ गाठायचे असतील आणि शहरात विशेष काम नसेल, तर चेंबूर हा उत्तम मध्य ठरावा.

खाडीपलीकडे राहायचे तर बेलापूर, वाशी, पनवेल ही ठिकाणे आहेत. सहार-मरोळला विमानतळाला खेटून हॉटेलांच्या रांगा उभ्या आहेत, तसे उलव्याच्या बाजूला अजून घडायचे आहे. नेरूळ आणि बेलापूरहून उरणला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावरील तरघर हे नव्या विमानतळाला सर्वांत जवळचे स्थानक. पण या मार्गावरील गाड्या हार्बर मार्गाइतक्या वारंवार नाहीत, हे ध्यानात ठेवावे. रविवारी विमान असेल तर हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या दिवशीच्या वृत्तपत्रात पाहणे अगत्याचे.

या निवडीत सर्वाधिक ओढाताण होते ती रुग्णांची. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्याच संस्थेचे दुसरे केंद्र खारघरला आहे. एकाच रुग्णाला तपासणीसाठी परळला आणि उपचारासाठी खारघरला जावे लागल्याची उदाहरणे आहेत. नागपूरहून किंवा गुवाहाटीहून येणाऱ्या कुटुंबाने उपचार कोठे चालणार हे आधी विचारून घेतले, तर तिकीट कोणत्या विमानतळाचे काढायचे याचे उत्तर आपोआप मिळते. खारघर असेल तर नवा विमानतळ आणि बेलापूर-खारघरचा मुक्काम. परळ असेल तर दादर-परळचा मुक्काम आणि जुना विमानतळ. तिकिटात वाचलेले हजार-पाचशे रुपये अशक्त रुग्णाला दोन तास टॅक्सीत बसवून गमावण्यात काहीच हशील नाही.

ही कसरत प्रवाशाच्या माथी का यावी, हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्या विमानतळाची गरज वादातीत होती. जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्या एका धावपट्टीवर २०२४-२५ मध्ये साडेपाच कोटींहून अधिक प्रवाशांचा भार होता. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान धावपट्टीबाहेर गेले, मुख्य धावपट्टी काही दिवस बंद पडली आणि साऱ्या देशाचे वेळापत्रक विस्कटले. नव्या विमानतळाला पर्यावरण परवानगी मिळाली २०१० मध्ये, पायाभरणी झाली २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. मात्र एवढ्या दीर्घ काळात दोन विमानतळांना जोडणारा रेल्वेचा दुवा उभा राहिला नाही. मेट्रो ८ या नावाने तो आखला गेला आहे. त्यात प्रवासी बसायला अजून कित्येक वर्षे जातील. नवी मुंबईचा इतिहास पाहता हे नवीन नव्हे. सिडकोची स्थापना १९७० ची आणि वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये! माणसे आधी जातात, गाडी मागाहून येते, हा येथला रिवाजच आहे.

या दिरंगाईची किंमत काय असू शकते, हे कॅनडातील मॉन्ट्रियल शहराने दाखवून दिले आहे. तेथे १९७५ मध्ये शहराबाहेर पन्नासेक किलोमीटरवर मिराबेल हा भव्य विमानतळ उभारून आंतरराष्ट्रीय विमाने तिकडे नेण्यात आली. देशांतर्गत विमाने जुन्या डोर्वाललाच राहिली. दोहोंना जोडणारी रेल्वे झालीच नाही. विमान बदलणारा प्रवासी टोरांटोकडे वळला आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली. मुंबईत तसे घडेल असे मुळीच नाही, येथे प्रवासी मुबलक आहेत. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ गोव्यानेही २०२३ पासून निभावले आहेत. मोपा उत्तरेला, दाबोळी दक्षिणेला, त्यामुळे समुद्रकिनारा निवडला की विमानतळ ठरतो. मुंबईत तशी सोपी वाटणी नाही. शिवाय येथील दोन्ही विमानतळांत ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाकडे आहे. त्यामुळे दोघांत चुरस लागून प्रवाशाला सवलती मिळतील, या आशेवर फार विसंबता येणार नाही.

पुण्याच्या प्रवाशांचे मात्र भले झाले. परदेशी जाण्यासाठी द्रुतगती मार्गाने येऊन पुन्हा मुंबईची कोंडी पार करण्याचा त्रास, नव्या विमानतळावरील विमान मिळाले, तर वाचतो. पनवेलला एक रात्र काढली तरी पुरते.

ज्यांना मुंबईत राहायचेच नाही, केवळ विमान बदलायचे आहे, त्यांनी विशेष जपावे. दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, याची जबाबदारी सहसा कोणतीही कंपनी घेत नाही. सामानही स्वतःच काढून पलीकडे न्यावे लागते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचे असेल, तर मध्ये सहा-सात तास तरी असावेत. जून ते सप्टेंबर या काळात तेही अपुरे पडू शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकल, रस्ते आणि विमानतळ असे सारेच बंद पडले होते. तेवढा पाऊस रोज पडत नाही. पण कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी यायला त्याच्या दशांशही पुरतो, आणि हार्बरची लोकल थांबली की साऱ्या गाड्या वाशीच्या पुलाकडे आणि सेतूकडे वळतात. पावसाळ्यात परतीचे तिकीट उलव्याचे असेल, तर आदल्या दुपारीच सामान घेऊन खाडी ओलांडावी आणि रात्र बेलापूरला काढावी.