चालीवरचे व्याकरण

जव्हार-मोखाड्याच्या शाळांत इंग्रजी बऱ्याचदा मुलांची तिसरी भाषा असते. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी आणि २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी. अशा वर्गात गुरुजी व्याकरणाचे नियम चालीवर म्हणून घेत असतील, तर त्यांना नावे ठेवण्याची घाई नको. जिथे वारल्यांचे लग्नही धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्याशिवाय लागत नाही, तिथे गाणे म्हणजे पोरखेळ नव्हे. याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आधी बोर्डीला नि मग कोसबाडला, गाणी-गोष्टींच्या आधाराने बालशिक्षण उभे केले. शिवाय दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की मुलाचे पुस्तक घरी राहू शकते, पाठ झालेले गाणे मात्र त्याच्याबरोबर जाते.

पण गाणे पाठ झाले म्हणजे व्याकरण आले असे नाही. ‘ए, ई, आय, ओ, यू आले की अ‍ॅन’ हेच घ्या. पोर ते धडाधड म्हणते आणि त्याच दमात ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’, ‘ए अवर’ लिहून मोकळे होते. चूक पोराची नाही, सूत्राची आहे. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. खरे तर आपल्या मुलांना हे सर्वांत सोपे जावे: शब्द देवनागरीत लिहायचा. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून अ‍ॅन. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने, म्हणून ए. इथे यमकाची गरजच नाही!

आपल्या जुन्या वृत्तशिक्षकांना ही मेख ठाऊक होती. गण लक्षात ठेवण्याच्या ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रामध्ये नियम आणि उदाहरण एकत्रच असतात, ‘यमाता’ म्हटले की य गणाचे लघु-गुरु-गुरु कानावर पडतात. इंग्रजीची गाणी या जातीची हवीत. ‘ही, शी, इट आले की एस लावा’ हा हुकूम आधी मराठीत समजून घ्यावा लागतो. त्यापेक्षा मुलांच्या ओळखीच्या तारपा वाद्यावरचे ‘आय प्ले द तारपा, ही प्लेज द तारपा’ हे ठेक्यात म्हणणे केव्हाही बरे. तोंडात निदान अख्खे वाक्य तरी बसते.

तेव्हा गुरुजी, बाई, गाणी जरूर म्हणून घ्या. परीक्षा मात्र गाण्याची घेऊ नका. गाण्यात नसलेला शब्द द्या आणि वाक्य करायला सांगा. निम्म्या वर्गाला जमले नाही, तर मुलांना पुन्हा घोकायला लावण्याऐवजी गाणे बदला.