मिस्ड कॉलवाली मेंबरशिप

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची एजीएम झाली. विषय दोनच. लिफ्टची दुरुस्ती आणि पाहुण्यांचं पार्किंग. पण काय ती भांडणं! ‘हिशोब दाखवा’, ‘मिनिट्समध्ये लिहा’, आणि शेवटी हात वर करून मतदान. घरी येऊन चहा घेताना डोक्यात आलं, की लिफ्टसाठी आपल्याला एवढे हक्क मिळतात, तर राज्य चालवणाऱ्या पक्षाच्या सभासदाला काय मिळतं?

मेंबर होणं तर एकदम सोप्पं! भाजपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये मिस्ड कॉलची मोहीम काढली आणि २०१५ मध्ये १० कोटींहून जास्त सभासद झाल्याचं जाहीर केलं. आमच्या टीममधल्या एकानंही तेव्हा उत्साहात नंबर फिरवला होता. ‘मग पुढे काय केलंस?’ तर म्हणाला, ‘काय करणार? एसएमएस आला, बास!’

काँग्रेसनं २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी चक्क निवडणूक घेतली. खर्गेंना ७,८९७ मतं, थरूरना १,०७२. छानच. पण मत होतं जवळपास दहा हजार डेलिगेट्सना. साधा मेंबर तुमच्याआमच्यासारखाच टीव्हीवर निकाल बघत होता.

आणि आपल्याकडे? २०२२ मध्ये शिवसेना फुटली. पक्ष कुणाचा, हे ठरवताना निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला मुख्यतः आमदार-खासदार मोजले. ५५ पैकी ४० आमदार शिंदेंकडे, म्हणून नाव आणि धनुष्यबाणही तिकडे. २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या वेळीही आमदार-खासदारांचीच मोजदाद झाली. बरोबर कोण, हा वाद कोर्टात गेला. तो तिथेच राहू दे. माझा मुद्दा वेगळाच आहे. शिवसेनेची २०१८ ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही, असं आयोगानं त्याच आदेशात म्हटलं होतं. पक्षात खऱ्या निवडणुका झाल्या असत्या, सभासदांची यादी धड असती, तर मोजणी त्यांचीही करता आली असती ना! वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता हिशोबात आलाच नाही.

मग आपण कँटीनमध्ये बसून म्हणतो, ‘सगळे सारखेच!’ विश्वास उडाला म्हणून आपण लांब राहतो, आणि आपण लांब राहतो म्हणून त्यांना विचारणारं कुणी उरत नाही. सोसायटीत हिशोब मिळतो, कारण तिथे कुणीतरी उठून मागतो.

तेव्हा पुढच्या वेळी दारात कुणी पत्रक घेऊन आलं, तर ‘नंतर या’ म्हणू नका. दोनच गोष्टी विचारा. या उमेदवाराचं तिकीट कुणी ठरवलं? आणि तुमच्या वॉर्डातल्या मेंबर्सची शेवटची मीटिंग कधी झाली? उत्तर नाही आलं, तरी चालेल. प्रश्न वरपर्यंत पोचतो.

आणि तुम्हीही कधीकाळी तो कॉल दिला असेल, तर एक लक्षात ठेवा. तो मिस्ड होता. आता एकदा नीट लावून बघा!