फावला वेळ कुणाचा?

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. ज्या कार्यक्रमावर मी इथं टीका करणार आहे, तो मीच घेतला होता.

काशीदमध्ये बचत गटांच्या बायांसाठी शिबिर होतं. भिंतीवर फलक लावला होता : ‘फावला वेळ ऑनलाइन सत्कारणी लावू या’. फलक आणि स्लाइड्स, दोन्ही पैसे देणाऱ्यांकडून तयार होऊन आलेले. घरबसल्या केक शिका, मेंदी शिका, इंग्रजी संभाषण शिका, ध्यान शिका, व्हॉट्सअ‍ॅपवर लोणची विका. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बायांबरोबर काम करण्यात बरीच वर्षं घालवलेली. तरी त्या स्लाइड्स जशाच्या तशा दाखवायला उभी राहिले. तिसऱ्या स्लाइडला मागच्या ओळीतून आवाज आला, “फावला येल मंजी कंचा गो ताय?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि पुढच्या स्लाइडवरही नव्हतं.

मग स्लाइड्स बंद केल्या आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, शनिवारी पहाटेपासून रविवारी रात्रीपर्यंत काय काय करता? काशीद म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला पांढरी वाळू आणि सुरूची झाडं आठवतात. त्या वाळूमागच्या घरांत शनिवार-रविवारी काय चालतं ते त्याला जेवणाच्या ताटापुरतंच दिसतं. तांदळाच्या भाकऱ्या एका बाईनं मोजून सांगितल्या : एका रविवारी शंभराच्या वर. मासळी साफ करणं, नारळ खवणं, सोलकढी, न्हाणीघरं धुणं, रात्री दोन वाजता ‘काकी, पाण्याची बाटली आहे का’ म्हणून उठवणाऱ्या पोरांसाठी उठणं. सोमवारी चादरी. मंगळवारी वाडीतली कामं, लाकूडफाटा, सासूचं औषध. बुधवारी दुपारी दोन ते साडेतीन जरा पाठ टेकता येते, असं बऱ्याच जणींचं म्हणणं पडलं.

म्हणजे आठवड्याला दीड तास! तो सत्कारणी लावायला आम्ही फलक घेऊन आलो होतो.

ही फक्त काशीदची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं की, घरच्यांसाठीची बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. त्या कामांना हात लावणारे पुरुष शंभरात तिसाहूनही कमी. आणि जे लावतात ते ८८ मिनिटं लावतात. २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानं आपली नऊ मिनिटं काढून घेतली. मुलंबाळं, आजारी माणसं यांची देखभाल यात धरलेलीच नाही, ती वेगळी मोजली जाते.

बाईचा वेळ ‘वाया’ जाऊ नये याची काळजी आपल्या समाजाला फार जुनी आहे. विणकाम, भरतकाम, पापड, रुखवत. दुपारच्या वेळी बाईच्या हाताला काहीतरी असलंच पाहिजे. हात मोकळे राहिले की डोकं चालायला लागेल, ही त्यातली खरी भीती. नाहीतर रमाबाई रानड्यांचं वाचणं घरातल्याच बायकांना इतकं का खुपलं असतं? त्यांनी १९१०मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात त्या शिक्षणापायी, विशेषतः इंग्रजी शिकण्यापायी, घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सगळं आलं आहे. नवऱ्याचा पाठिंबा असलेल्या बाईची ही गत. पुण्यात १९०९मध्ये त्यांनी सेवासदन उभं केलं तेव्हा शिक्षणाबरोबर मिळकतीचं कौशल्यही दिलं, कारण उपयोग दाखवल्याशिवाय लोक बायांना घराबाहेर पाठवत नव्हते. त्यांची अडचण मी समजू शकते. शंभरहून जास्त वर्षांनी आपणही बायांना त्याच दारातून आत घेतो आहोत, ते मात्र मला समजत नाही.

आणि गावातल्या पुरुषांसाठी असा फलक कुणी पाहिला आहे का? दुपारी चारला नाक्यावर रांगेनं बसून मोबाइलवर क्रिकेट आणि पत्ते चालू असतात. त्यांचा फावला वेळ सत्कारणी लावण्यासाठी कुणी निधी देत नाही. त्यांचा वेळ त्यांचा असतो.

आता फोनकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, स्वतः वापरते असा फोन असणाऱ्या बाया देशात शंभरात ५४ होत्या आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या शंभरात ३३; पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढले आहेत हे उघड दिसतं. पण ‘घरात फोन आहे’ आणि ‘माझा फोन आहे’ यांतलं अंतर तसंच आहे. शिबिरातल्या काहींच्या हातातला फोन मुलाचा होता, मुलगा शाळेतून आला की परत द्यायचा. एकीचा नवरा रोज रात्री तिचा फोन उघडून बघतो, हे ती ‘त्यांना काळजी आहे’ अशा शब्दांत सांगत होती. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा हे सगळं एकदम उघड्यावर आलं. ओटीपी येणार तो कुणाच्या फोनवर? आधारला जोडलेला नंबर कुणाचा? २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. परित्यक्ता बाईनं तो कुणाकडून आणायचा? वडील वारलेल्या विधवेनं? ओरड झाली तेव्हा मुदत वाढली आणि वाटा शोधल्या गेल्या. पण बाईचे पंधराशे रुपये पुरुषाच्या फोनवरून जावेत ही कल्पना मुळात कुणाला खटकली नाही, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांचं काय? काशीदमध्ये मला एक वेगळाच प्रकार दिसला. खोल्यांचं बुकिंग आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. ‘दोन फॅमिली, चार मुलं, एसी आहे का, बीचपासून किती लांब, जेवणात काय’. उत्तरं देते घरची सून, कारण ती बारावी झालेली आहे. भाकरी थापता थापता एका हातानं फोटो पाठवते, भाव सांगते, पाहुणे वाट चुकले की रस्ता सांगते. ‘काकींच्या हातची चव’ असं पाहुणे रिव्ह्यूमध्ये लिहितात. खोल्या सासऱ्यांच्या नावावर, पैसे जमा होतात ते खातं नवऱ्याचं. तिचा ऑनलाइन वेळ उपयोगी आहे यात काय शंका? धंदा तिच्यावर चालतो. फक्त तो तिचा नाही.

२०२३च्या जूनमध्ये राज्य सरकारनं ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतचं बँकेचं कर्ज मिळालं तर त्यावरचं व्याज सरकार परत करतं. सात वर्षांपर्यंत किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत. रोज दोन-दोन तास फोनवर पाहुण्यांना उत्तरं देणाऱ्या या सुनांपैकी एकीनंही ते ऐकलेलं नव्हतं. केकच्या आयसिंगचे व्हिडिओ मात्र सगळ्यांना आपोआप येत होते.

दुसऱ्या बैठकीला मी स्लाइड्स नेल्याच नाहीत. शासनाचं महाभूलेख हे संकेतस्थळ उघडलं आणि म्हटलं, आपापला सातबारा शोधा. जिल्हा रायगड, तालुका मुरूड, मग गाव, मग गट नंबर. नंबर माहीत नसेल तर नावानं शोधता येतं. नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर पंधरा रुपये.

खोलीत एकदम शांतता झाली. काशीदच्या किनाऱ्याला आज जमिनीचा भाव काय आहे ते मी सांगायला नको. ज्या वरकस जमिनीकडे आजोबांनी ढुंकून पाहिलं नाही, तिथं आता मुंबईची माणसं गाडीतून उतरून मोजणी करतात. आणि जमिनीला भाव आला की बहिणी आठवतात, त्या सहीपुरत्या. हक्कसोड पत्रावर सही केली की बहिणीचं माहेर राहतं, नाही केली की तुटतं, असं सांगितलं जातं. साडी-चोळी देऊन सही घेतली जाते. शिबिरात तिघी जणी अशा निघाल्या की ज्यांनी सही केली होती, आणि कागदावर काय लिहिलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानं १९९४मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचं स्थान दिलं. आधी लग्न झालेल्या मुलींना मात्र वगळलं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद गेला. २००५मध्ये वडील हयात असायला हवे होते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या ऑगस्टमध्ये मिटवला : हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. मुस्लिम मैत्रिणींचा वारसा कायदा वेगळा आहे, तो त्यांच्याबरोबर स्वतंत्रपणे बसून बघायला हवा.

त्या दिवशी एका विधवा ताईनं सासऱ्यांचं नाव टाकलं. नवरा आधी वारला, सासरे नंतर. ‘तुझं नाव लावलंय’ असं दीर सांगत आले होते. उताऱ्यावर दीरांची नावं होती; तिचं नव्हतं, तिच्या दोन मुलींचीही नव्हती. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुली पहिल्या वर्गातल्या वारस असतात. तिनं उतारा तीनदा वाचला, मग फोन पालथा ठेवला. मला म्हणाली, “बरं झालं, हे मला घरात नाय दिसलं.”

सांगायचं म्हणजे याच कामासाठी आणखी एक जागा आहे, ‘आपली चावडी’. गावातल्या जमिनींच्या फेरफाराच्या नोटिसा तिथं लागतात. नोटीस लागली की हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. चावडीवर चिकटवलेला कागद बाई कधी वाचायला जात नव्हती, कारण चावडी पुरुषांची. ही चावडी घरात उघडता येते. ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीनं कशावर किती खर्च केला तेही दिसतं. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते असा आपल्या राज्याचा कायदा आहे. तिथं हे आकडे हातात घेऊन बसलेल्या चार बाया मला बघायच्या आहेत.

मग आता ‘उपयोगी’चा माझाही फलक तयार झाला, केकच्या जागी सातबारा, असं कुणी म्हणेल. म्हणणं बरोबर आहे. म्हणून त्या मागच्या ओळीतल्या मावशींबद्दल सांगायलाच हवं. त्यांच्याकडे नातीचा जुना फोन आहे, काच तडकलेली. बुधवारच्या त्या दीड तासात त्या एका कानात तार घालून कोळीगीतं ऐकतात आणि जुने मराठी सिनेमे तुकड्यातुकड्यानं बघतात. एकच सिनेमा पाच आठवडे चालतो. सून म्हणते, “या वयात काय हे!” आमच्या अहवालाच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही. ‘उत्पन्नवाढ’ आहे, ‘कौशल्यविकास’ आहे, ‘आरोग्यविषयक माहिती’ आहे. मी ‘इतर’मध्ये ‘सिनेमा’ लिहिलं, तर वरून विचारणा झाली की यातून लाभार्थीला काय लाभ झाला.

सातबारा बघणं हे काम आहे, फावला वेळ नव्हे. ते काम म्हणूनच करायचं. बैठकीच्या वेळेत, सगळ्यांनी मिळून. बाईच्या दुपारच्या झोपेतून त्यासाठी वेळ कापून घ्यायचा नाही. आणि जो वेळ तिचा आहे त्यात तिनं विश्वकोशातली नोंद वाचावी, भांडणाच्या मालिका बघाव्यात, नाहीतर फोन बंद करून छताकडे बघत पडावं. मला स्वतःला मालिका सहन होत नाहीत, पण तो माझा प्रश्न. गटातली एक मुलगी मराठी विश्वकोशात समुद्री कासवांवर काय आहे ते शोधून वाचते. उपयोग काय म्हणून आईनं विचारलं तर म्हणाली, “काय नाय, आवडतं.” वाईच्या त्या मंडळींनी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींपासून, एवढे खंड केले ते अशा वाचकासाठीसुद्धा केले असणार.

आपल्या संघटनांनाही विचारायचं आहे. ‘डिजिटल साक्षर महिला : इतक्या’ असा आकडा भरून प्रकल्प संपवणारे आपणच आहोत. त्या आकड्यातल्या किती जणींचा फोन स्वतःचा आहे, किती जणींचा पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत आहे, हे किती फॉर्मांत विचारलं आहे? पासवर्ड बदलायला शिकवलं तेव्हा दोन नवरे बैठकीच्या दारात येऊन उभे राहिले. केक शिकवला तेव्हा कुणी आलं नव्हतं.

विधवा ताईचं प्रांताकडचं अपील दाखल झालं आहे, उशीर माफ करण्याच्या अर्जासह. दीर तिच्याशी बोलत नाहीत. पाण्याच्या मोटरचं बटण त्यांच्या पडवीत आहे, म्हणून सध्या ती विहिरीवरून पाणी आणते. सही केलेल्या तिघींना हक्कसोडीच्या कागदाची प्रत घेऊन यायला सांगितलं आहे. एकीकडे ती आहे, दोघींना नोंदणी कार्यालयातून काढावी लागेल. आता बैठक सोमवारी सकाळी ठेवतो, चादरी भिजत घातल्यावर. बुधवारची दुपार मोकळी ठेवली आहे.