बधिर पाय आणि अणूचे औषध

बाजारहत्नूरच्या शिवारात कापूस वेचताना पायात धसकट घुसले आणि कळलेच नाही, तर आपण काय म्हणतो? वात असेल, साखर असेल. मग गरम विटेचा शेक, नाहीतर बिब्बा. बधिर पायाला चटका बसलेलाही कळत नाही, हे कोण लक्षात घेतो!

पुष्कळदा कारण साखरच निघते. कुष्ठरोगाची तपासणीही करावी. पण क्वचित मूळ रक्तात असते. स्वीडनच्या डॉ. वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली रक्ताच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे वर्णन केले. त्यात हाडांच्या मगजातील पेशी एक जड प्रथिन भरमसाट तयार करतात. रक्त दाट होते. काही रोग्यांत हेच प्रथिन नसांवरचे वेष्टण खराब करते, जणू विजेच्या तारेवरचे रबर उंदराने कुरतडावे. तळपाय बधिर होतात, अंधारात तोल जातो.

अशा थोड्या रोग्यांवर अणूचे औषधही वापरून पाहिले गेले. रोगट पेशी हुडकणाऱ्या प्रतिद्रव्याला किरणोत्सर्गी इट्रियम-९० जोडून ते शिरेतून देतात. किरण काही मिलिमीटरच पोचतात आणि सुमारे ६४ तासांत त्यांचा जोर निम्मा होतो. अमेरिकेत २००२ साली ते लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगासाठी मंजूर झाले. अणू म्हटले की बॉम्बच आठवू नये. थायरॉइडच्या रोग्यांना किरणोत्सर्गी आयोडीन आपल्या देशात कितीतरी वर्षे दिले जात आहे.

तरी आम्ही त्याचे गोडवे गाणार नाही. हा रोग मगजातच घर करतो. मगज रोगट पेशींनी फार भरला असेल, तर किरणांचा मारा चांगल्या रक्तपेशींवरही बसतो. तेव्हा हे औषध टाळतात. आज रिटुक्सिमॅबसारखी इंजेक्शने व काही गोळ्या यांचाच विचार आधी होतो.

आमची तक्रार आपल्याच माणसांविषयी आहे. डॉक्टरांपुढे अशक्तपणा सांगतात, पायांच्या मुंग्या मात्र म्हातारपण म्हणून गिळून टाकतात. व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब ही कर्करोगाची औषधे स्वतःच नसा दुखावतात. पाय आधीच बधिर आहेत हे न कळल्यास डॉक्टरांनी निवड कशी करावी? आदिलाबादच्या रिम्समध्ये जा की हैदराबादच्या एम.एन.जे. कर्करोग रुग्णालयात, पाय आधी दाखवा. साखर ठीक असूनही बधिरपणा वाढत असेल, तर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी का, हे विचारा. गेलेली नस परत येईलच असे नाही, उरलेली वाचू शकते. मुंग्या केव्हापासून, एका पायाला की दोन्ही, आणि चालताना चप्पल निसटते ती कळते का, हेही सांगा.