मुलाची डोकेदुखी थट्टेवारी नेऊ नका

काश्मीरमध्ये हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर गंगाबल तलाव आहे. तिथे तंबूत माझ्या मुलाने जेवण नाकारले. ‘डोकं दुखतंय, बाबा,’ म्हणाला. दमला असेल, म्हणून मी हसण्यावारी नेले. रात्री उलट्या झाल्या. पहाटे त्याची पाठपिशवीही घेऊन नारानागकडे उतरलो. खाली येताच पोर खुलले.

हिंगोली जेमतेम साडेचारशे मीटरवर. विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ असताना चढू नये. त्रास वाढल्यास उतरणे हाच खरा उपाय. अमरनाथ यात्रेत १३ वर्षांखालील मुलांना परवानगी नाही, ती उगाच नव्हे.

पालकांनो, हौस बाजूला ठेवा, मुलाचे ऐका. तलाव कुठे पळून जात नाही.