कमावलं पोरानं, गेलं कुठं?

रील्स स्क्रोल करताना दर चार-पाच व्हिडिओंमागं एखादं चिमुरडं दिसतंच. कुणी मोठ्यांसारखे डायलॉग मारतंय, कुणी बाबांना रोस्ट करतंय. आपण हसतो आणि ग्रुपवर टाकतो. व्ह्यूज वाढतात, ब्रँडचे पैसे येतात. पण ते पैसे नक्की कुणाचे? प्रश्न इंस्टाच्या जमान्यातला वाटतो ना? तो कोर्टात गेला १९३८ साली, आणि घेऊन जाणारा होता हॉलिवूडचा एक माजी बालकलाकार.

चॅप्लिनचा 'किड'

१९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनचा 'द किड' आला. त्यातला फाटक्या कपड्यांतला पोरगा म्हणजे जॅकी कूगन, वय वर्षं सहा. तो रातोरात स्टार झाला. त्याच्या नावावर बाहुल्यांपासून पीनट बटरपर्यंत काय काय विकलं गेलं! लहानपणीची त्याची कमाई तीस ते चाळीस लाख डॉलर असावी, असा अंदाज सांगितला जातो.

१९३५ मध्ये कार अपघातात त्याचे वडील गेले. त्याच गाडीतला जॅकी वाचला. पुढं आईनं घरच्या आर्थिक सल्लागाराशी लग्न केलं. एकविशी ओलांडल्यावर जॅकीनं पैसे मागितले, तर उत्तर मिळालं की तुझं काही नाहीच! धक्कादायक म्हणजे तेव्हाच्या कायद्यानुसार हे बरोबर होतं. अल्पवयीन मुलाची कमाई आई-वडिलांची मानली जायची. त्यानं आई आणि सावत्र वडिलांवर केस केली. शेवटी हाती आले सुमारे १ लाख २६ हजार डॉलर.

पण त्या केसमुळं १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात 'कूगन कायदा' झाला. मुलाच्या कमाईचा काही हिस्सा बाजूला ठेवायचा, हे त्याचं सूत्र. त्यात पळवाटा भरपूर होत्या. कमाई मुलाचीच आणि त्यातले १५ टक्के राखून ठेवणं बंधनकारक, हे स्पष्ट व्हायला २००० साल उजाडलं.

जॅकी स्वतः रडत बसला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यानं बर्माच्या मोहिमेत ग्लायडर उडवलं. १९६४ मध्ये 'द अ‍ॅडम्स फॅमिली' या मालिकेत टकला अंकल फेस्टर बनून तो पुन्हा घराघरांत पोचला. १९८४ मध्ये तो गेला.

आता नंबर व्लॉगर्सचा

जुलै २०२४ पासून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं व्लॉगमध्ये झळकणाऱ्या मुलांसाठी पैसे राखून ठेवण्याची सक्ती केली. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियानंही कूगन कायदा ऑनलाइन कंटेंटपर्यंत वाढवला. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत गायिका डेमी लोव्हाटो होती. तीही एकेकाळची बालकलाकारच.

आपल्याकडं काय? कायदा आहे आणि कागदावर तो बरा आहे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि किमान २० टक्के कमाई राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं एफडीत टाकावी लागते. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्तच!

'नाळ २' मधल्या तीन बालकलाकारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या सगळ्यांची कॉलर ताठ झाली. अशा सिनेमाला निर्माता असतो, करार असतो, सेट असतो. चुकलं तर कुणाला धरायचं ते माहीत असतं. घरातल्या रीलचं तसं नाही. तिथं निर्माताही आई-बाबा, पालकही तेच आणि बँक खातंही त्यांचंच, कारण यूट्यूबचे पैसे घ्यायला अठरा पूर्ण लागतात. शूटिंग किती तास चाललं, हे किचनमध्ये येऊन कोण मोजणार?

पालकांचीही बाजू आहे. काहींनी नोकरी सोडलेली असते. कॅमेरा, एडिटिंग, ब्रँडशी बोलणं सगळं तेच करतात. कमाईतून शाळेची फी भरली जाते, घराचा हप्ता जातो. सगळे पालक लुबाडतात, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण त्यांच्या मेहनतीचा मोबदला उरलेल्या ८० टक्क्यांत मिळतोच की! २० टक्के बाजूला ठेवले म्हणून प्रेम कमी होत नाही. उलट पुढं पोरानं हिशोब विचारला, तर दाखवायला कागद राहतो. जॅकीच्या घरी नेमका तोच नव्हता.

आपल्यातले बरेच जण भाच्या-पुतण्यांचे व्हिडिओ टाकतो, काहींची पेजेस चालतातही. मग एवढं तर जमेल. त्याला नको असेल तेव्हा कॅमेरा बंद करायचा, आणि पहिला पेड कोलॅब आला की आधी त्याच्या नावानं एफडी काढायची. कायदा येईल तेव्हा येईल. बँकेचा फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो.